पूर्वभार

टोलीडोत फेब्रुवारीत जाग येते साडेचारला,
बर्फ ढकलणारा ट्रक गल्लीतून पातं घासत जातो तेव्हा.
ओट्यावरचा दिवा लावते, आधण ठेवते.
मसाल्याच्या डब्याला टेकून संदर्भपुस्तिका,
पान एकशे बारावर हळदीचं बोट.

ऐंशी प्रश्न, आठ तास.
एकेकाला सहा मिनिटं,
म्हणजे डाळीच्या कुकरच्या दोन शिट्ट्या.

कराडला मी शिकले किलोन्यूटनमध्ये.
इथे माती पौंडांत तोलतात,
आणि पौंड हजार झाले की त्यांना म्हणतात किप,
जसं एखाद्या दांडगट पोराला घरचे लाडाने पिंट्या म्हणतात.
नऊ पूर्णांक आठच्या जागी बत्तीस पूर्णांक दोन.
गुरुत्वाकर्षण तेच. पडणंही तेच.
आकडा तेवढा मोठा दिसतो.

ऑफिसात अकरा वर्षं.
मॉमी नदीच्या काठचं गोदाम (नदीचं नाव खरंच मॉमी आहे)
त्याचा पाया माझा.
शाळेमागची संरक्षक भिंत माझी,
तिच्या पाठीत पाणी साचू नये म्हणून ठेवलेली भोकंसुद्धा
मी मोजून ठेवलेली.
नकाशावर शिक्का कोवाल्चिकसाहेबांचा.
माणूस वाईट नाही. शिक्का उचलण्याआधी विचारतो,
"शुअर ना, सू?"
सुलक्षणाचं सू झालं, त्याबद्दल काही नाही.
आणि मी शुअर असतेच.
शाई ओली असते. ती वाळेपर्यंत
फुंकर मी घालते.

ऑक्टोबरात नापास झाले.
कागदावर विषयवार आडव्या पट्ट्या आल्या,
सगळ्यांत आखूड पट्टी: उतारांची स्थिरता.
अभय म्हणाला, होतं असं.
आणि त्या रात्री पानं त्याने घेतली,
लोणचं कुठे आहे हेही न विचारता.

आज दृढीकरणाचं प्रकरण.
या गावाखालची चिकणमाती एकदा
मैलभर जाडीच्या बर्फाखाली होती.
बर्फ गेला, त्याचं सरोवर झालं,
सरोवरही मागे हटलं, वर मक्याची शेतं आली, मग पार्किंग.
तरी नमुना कापून यंत्रात ठेवा, वजन चढवत जा,
जुन्या ओझ्यापर्यंत माती जेमतेम हलते.
त्यापुढे मात्र वक्र वाकतो, आणि झपकन खाली.
ते वळण जिथे येतं त्या दाबाला पुस्तकात लांबलचक नाव आहे.
मी वहीत पूर्वभार लिहिते. माझ्यापुरतं.

सात वाजता ओजस, तोंडात ब्रश, हातात माझी कार्डं:
"ओव्हरकन्सॉलिडेशन रेशो?"
आजवर सोसलेलं भागिले आत्ता अंगावर असलेलं.
"एकापेक्षा जास्त आला तर?"
तर घाबरायचं नाही. तिने याहून जड पाहिलंय.
तो कार्ड उलटं करतो, बघतो, फेस गिळतो.
"आई, इथे तसं नाही लिहिलेलं."

परवा परत तिथेच जायचं,
दातांच्या दवाखान्याला लागून असलेल्या त्या खोलीत.
मागच्या खेपेला खिसे उलटे करून दाखवले,
बाह्या कोपरापर्यंत, चष्म्याच्या काड्यासुद्धा.
मग त्या बाईने माझी बांगडी उतरवून
दिव्याखाली फिरवली,
आतून काही सूत्रबित्र कोरलंय का बघायला.
कोरलेलं होतं. तिने भिंग मागवलं.
बारीक, झिजलेला, कराडच्या सराफाचा शिक्का.
"हे काय?" म्हणाली.
मला इंग्रजी शब्दच आठवेना.
म्हटलं, सोनं खरं आहे असं कुणीतरी लिहून दिलंय.

ट्रक परत फिरला.
चहावर साय.
प्रश्न एकोणचाळीस: भिंतीमागची माती स्थिर धरा,
पाणी भिंतीच्या निम्म्या उंचीवर.
सहा मिनिटं.